चार मिनिटांचा गोंधळ

उस्मानपुऱ्यातल्या त्या बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत मंजुषा शेळकेचं वकिलीचं ऑफिस होतं आणि मागच्या खोल्यांत ती आणि तिचे आई-वडील राहत. दोन्हींच्या मध्ये एक पडदा. पक्षकार आपलं गाऱ्हाणं सांगत असला की पडद्यामागून आई, साळूबाई, मधूनच हुंकार भरायची. आणि वडील, काकासाहेब, तिला तिथल्या तिथे दटावायचे. पक्षकारांना त्याची सवय झाली होती. काही जण तर पडद्याकडे तोंड करूनच बोलत.

काकासाहेब विधिमंडळात प्रतिवेदक म्हणून नोकरी करून निवृत्त झाले होते. सभागृहाच्या मधोमध एक टेबल असतं, तिथे बसून जो जे बोलेल ते लघुलिपीत उतरवून घेणारा माणूस म्हणजे प्रतिवेदक. आमदार भांडोत, मंत्री अडखळोत, कोणी शेरोशायरी करो, त्याच्या पेन्सिलीला सगळे सारखे. दहा-दहा मिनिटांची पाळी असते. पाळी संपली की दुसरा येऊन बसतो आणि पहिला आत जाऊन आपलं लिखाण टाइप करून काढतो. काकासाहेबांनी हे चौतीस वर्षं केलं. नव्याने लागलेल्या पोरांना ते एकच गोष्ट शिकवत: कानावर आलं नाही तर टिंबं द्या, पण पदरचा एक शब्द घालू नका. निवृत्त होताना मिळालेल्या मानपत्रात 'निर्दोष सेवा' असे शब्द होते, आणि ते मानपत्र टीव्हीच्या वर लावलेलं होतं. घरात टीव्ही बघायचा म्हणजे ते मानपत्रही बघावं लागे.

अशा माणसाबरोबर संसार करणं सोपं नव्हतं. "या घरात भांडायची सोयच नाय," साळूबाई म्हणायच्या. "आपण एक बोलावं, तर ह्यांना मागची चार वाक्यं पाठ." पण एका बाबतीत मात्र काकासाहेब कायम गप्प बसत. मंजुषाच्या आधी साळूबाईंची दोन बाळंतपणं रिकाम्या हातांनी पार पडली होती. दुसऱ्या खेपेला तर त्या स्वतःच जाता जाता राहिल्या. तिसऱ्या वेळी लासूरच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की काही सांगता येत नाही. तरी काकासाहेब बायकोला तिथेच, लासूरला माहेरी सोडून बाहेरगावी अधिवेशनाला गेले, आणि मुलगी झाल्यावर आले ते अकराव्या दिवशी, बारशाच्या आदल्या संध्याकाळी. "पोरगी जल्मली तवा हे तिकडं मंत्र्याचं बोलणं लिहीत बसले व्हते," हे वाक्य मंजुषाने लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. निदान तिची तशी समजूत होती. काकासाहेब त्यावर फक्त "अधिवेशन होतं," एवढंच म्हणत आणि वर्तमानपत्र उघडत.

त्या डिसेंबरात सिल्लोडकडचे त्रिंबकराव आणि त्यांची बायको म्हाळसाबाई मंजुषाकडे आले. मेंढपाळ माणसं. त्रिंबकराव बोलायला कमी, ते खातं म्हाळसाबाईंकडे होतं.

"बाई, आमी काय जिमीन मागत नाय," म्हाळसाबाई म्हणाल्या. "दिवाळी झाली की आमची पंधरा-ईस घरं मेंढरं घिऊन खाली उतरत्यात. त्या गावच्या गायरानात दोन महिनं चरायचं, पाणी प्यायचं, पुढं जायचं. माझ्या सासऱ्याच्या टायमापासून हाय हे. आवंदा गेलो तर तारेचं कुंपण. म्हणत्यात, तुमी या गावचे नाय, कायद्यात तुमचं नाव नाय."

"मंग?" पडद्याआडून साळूबाई.

"मंग काय. मेंढरू गाव बघून चरतं व्हय? सडकेच्या कडंला बसलोय. रोज एखादं गाडीखाली जातंय."

गायरानाचा तो कायदा मंजुषाला ठाऊक होता, आणि त्याचं कारण जरा घरगुती होतं. तिचा जन्म झाला त्याच अधिवेशनात तो मंजूर झाला होता; "तू अन् कायदा एकाच आठवड्यातले," असं आई चिडवायची. त्यातल्या सातव्या कलमाने 'गावातील गुरांना' गायरानात चरायचा हक्क दिला होता. घोडं अडलं होतं ते इथे. फिरत्या मेंढपाळांची मेंढरं ही त्या गावातली गुरं धरायची की नाही? कुंपण घालणाऱ्यांचा वकील म्हणत होता, नाही. कारण कायदा होत असताना अप्पाराव नावाच्या एका आमदाराने 'फिरत्या मेंढपाळांची मेंढरे' हे शब्द कलमात घालायची दुरुस्ती सुचवली होती आणि ती मागे घेतली गेली होती. म्हणजे सभागृहाला मेंढरं नकोच होती. हे त्याने लेखी दिलं होतं, आणि सोमवारी खंडपीठापुढे सुनावणी होती.

मंजुषाला यात पाणी मुरताना दिसत होतं. जो आमदार दुरुस्ती आणण्याइतका मागे लागतो, तो ती उगाच मागे घेत नाही. मंत्री उठून काहीतरी कबूल करतो, तेव्हाच घेतो. मंत्री काय म्हणाला होता, ते सापडायला हवं होतं. सापडलं तर मेंढरं आत, नाही तर सडकेवर.

पूर्वी या कामासाठी राजधानीला जाऊन ग्रंथालयात धूळ खावी लागे. आता जुन्या चर्चांचा एक ऑनलाइन संग्रह झाला होता. लाखो पानं स्कॅन करून चढवलेली, वर एक शोधायची चौकट. मंजुषाने बुधवारी सकाळी चौकटीत 'मेंढपाळ' लिहिलं. अकरा नोंदी आल्या. त्यांत एक पशुप्रदर्शनाचं उद्घाटन, एक लोकरीच्या सोसायटीवरचा प्रश्न आणि बाकी असलंच काहीबाही. जुन्या टाइपाची अक्षरं यंत्राला धड वाचता येत नाहीत, त्यामुळे जे हवं ते बरोबर लपून बसतं. मग तिने जुना रस्ता धरला. विधेयकाचा क्रमांक काढला आणि पान पान चालत गेली. विधेयक मांडलं ते पहिलं वाचन. एकेक कलम घेऊन चर्चा झाली ते दुसरं. सगळं संपल्यावर मंजुरीची भाषणं, ते तिसरं. सातवं कलम दुसऱ्या वाचनात असणार, हे उघड होतं.

दुपारी दोनच्या सुमारास ते सापडलं. वरची तारीख बघून तिला हसू आलं, कारण ती तिचीच जन्मतारीख होती. बाबा इथेच कुठेतरी बसून लिहीत असतील, असं मनात आलं आणि तिने पान मोठं केलं.

अप्पारावांनी दुरुस्ती मांडली होती. चांगलं, तळमळीचं भाषण होतं. शेवटी त्यांनी म्हटलं होतं, मंत्रिमहोदयांनी याचा खुलासा करावा. मग मंत्री उठले होते. "अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांनी जो मुद्दा उपस्थित केला आहे त्याबाबत मी स्पष्ट करू इच्छितो की," आणि त्याच्यापुढे कंसात एक ओळ: 'या वेळी सभागृहात गोंधळ झाल्यामुळे पुढील भाग ऐकू आला नाही.' त्यानंतर थेट, दुरुस्ती सूचना सभागृहाच्या अनुमतीने मागे घेण्यात आली.

मंजुषाने ते तीनदा वाचलं आणि कपाळाला हात लावला.

मग तिच्यातली वकील जागी झाली. गोंधळ कसला? तिने मागची-पुढची चाळीस पानं काढली. त्या अधिवेशनात गोंधळ काही कमी झाले नव्हते. पण प्रत्येक गोंधळाआधी कोणीतरी कोणाला तरी टोचलेलं असायचं, अध्यक्षांनी घंटा वाजवलेली असायची, 'कृपया शांतता राखा' असायचं. इथे काहीच नव्हतं. अप्पाराव अदबीने बोलत होते, अध्यक्ष अदबीने विचारत होते, आणि या दोघांच्या मध्ये कुठूनसा गोंधळ येऊन, कोणालाही न दुखावता, निघून गेला होता. इतका सभ्य गोंधळ तिने पाहिला नव्हता. कोणीतरी ही ओळ पदरची घातली होती.

चार वाजता चहाला ती तणतणतच मागे गेली. काकासाहेब बशीत चहा ओतत होते.

"बाबा, तुमच्यात एक जण पक्का कामचोर होता. लिहायचा कंटाळा आला म्हणून 'गोंधळ झाला' असं ठोकून दिलंय. नेमकं माझ्या कामाच्या जागी. सापडला ना, तर कोर्टात उभा करीन त्याला."

"कोणतं विधेयक?" काकासाहेबांनी विचारलं.

"गायरानाचं. दुसरं वाचन, कलम सात. माझ्या जन्मतारखेचं."

काकासाहेबांनी बशी खाली ठेवली. थोडा वेळ ते चहाकडेच बघत राहिले. मंजुषाला वाटलं, आपल्या खात्याला नाव ठेवलेलं त्यांना लागलं असावं.

"तिसरं वाचन बघितलंस?" ते म्हणाले.

"त्यात काय असणार? नुसती आभाराची भाषणं."

"तेच बघायचं असतं. ज्याला मंत्र्यानं शब्द दिलेला असतो ना, तो सदस्य तिसऱ्या वाचनात उठून आभार मानतोच. आभारासाठी नाही, शब्द पुन्हा एकदा नोंदीत बसवून घेण्यासाठी. आमच्या टेबलाकडं बघत, सावकाश बोलायचे, म्हणजे काही सुटू नये. अप्पाराव तर हमखास. कलम सातचं उत्तर कलम सातपाशीच असतं असं नाही, बाळा."

मंजुषा चहा तसाच टाकून उठली. पाऊण तासात तिला ते मिळालं. पुढल्या दिवसाच्या चर्चेत, साखरेच्या कुठल्याशा विधेयकाला चिकटून. अप्पाराव म्हणाले होते: "मंत्रिमहोदयांनी काल कलम सातच्या वेळी स्वच्छ शब्दांत सांगितले, की फिरत्या मेंढपाळांची मेंढरे ज्या गावी उतरतील त्या गावची गुरे म्हणूनच त्या काळापुरती समजली जातील, वेगळी दुरुस्ती आवश्यक नाही. त्या शब्दावर विसंबून मी माझी सूचना मागे घेतली. हे नोंदीत राहावे, ही विनंती."

तिचा जीव भांड्यात पडला. तिने लगेच म्हाळसाबाईंना फोन लावला. पलीकडून आधी मेंढरांचा आवाज आला आणि मग म्हाळसाबाईंचा. "म्हंजी मंत्री बोलला व्हता आमच्यासाठी," त्या म्हणाल्या आणि त्रिंबकरावांना हाक मारून तेच सांगू लागल्या.

फोन ठेवल्यावर मंजुषाने समोरच्या वकिलाच्या जागी बसून विचार करून पाहिला. तो काय म्हणेल? म्हणेल, हे आमदार सांगतायत, मंत्री नव्हे. मंत्र्याच्या तोंडचं एक वाक्यही नोंदीत नाही. नोंद म्हणते गोंधळ झाला. गोंधळात मंत्री खाली बसले असतील आणि या आमदारांनी दुसऱ्या दिवशी आपल्याला हवं ते त्यांच्या तोंडी घातलं असेल. सगळं पुन्हा त्या एका कंसापाशी येऊन थांबत होतं.

आणि मग तिला एक गोष्ट आठवली. चहाच्या वेळी तिने अप्पारावांचं नाव घेतलंच नव्हतं.

त्या संग्रहात एक कोपरा होता, जिकडे फारसं कोणी फिरकत नसे. छापील खंड होण्याआधीच्या कच्च्या प्रती तिथे होत्या, टाइप केलेल्या, प्रतिवेदकाच्या हातच्या दुरुस्त्यांसकट. मंजुषाने ती तारीख काढली. पानाच्या वरच्या कोपऱ्यात पाळीची वेळ होती, दोन चाळीस ते दोन पन्नास, आणि पुढे दोन बारीक अक्षरं: का. शे.

तिने लॅपटॉप मिटला. तिला राग आला नाही. पदरचा एक शब्द घालू नका म्हणणाऱ्या तिच्या बापाने पदरची अख्खी ओळ घातली होती आणि चौतीस वर्षांचं ते मानपत्र त्या ओळीवर उभं होतं. मघाशी आपण त्यांच्या तोंडावर कामचोर म्हणालो, हेही तिला आठवलं. तिने ठरवून टाकलं, हे पान कोर्टात काढायचं नाही. आभाराच्या भाषणावर जेवढं लढता येईल तेवढं लढायचं. सडकेच्या कडेला बसलेली माणसं डोळ्यांपुढे आली तेव्हा तिने पुढ्यातली फाइल उगाचच उलटीपालटी केली.

गुरुवारचा दिवस तिने युक्तिवादाचा मसुदा लिहिण्यात घालवला. दोन्ही वेळा जेवताना ती ताटात बघून जेवली.

शुक्रवारी दुपारी काकासाहेब पडद्यातून पुढच्या खोलीत आले. अंगात इस्त्रीचा सदरा होता. ते पक्षकाराच्या खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवर ते याआधी कधी बसले नव्हते.

"कच्ची प्रत बघितलीस," ते म्हणाले.

"कोणती?"

"वकील होऊन तुला खोटं बोलता येत नाही, हे माझं नशीब. का. शे. मीच. शपथपत्र करायला आलोय."

"काही गरज नाही, बाबा. आभाराचं भाषण पुरेसं आहे."

"पुरेसं असतं तर काल तू माझ्याकडं बघून जेवली असतीस." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्या दिवशी सभागृहात गोंधळ झाला नव्हता, मंजू. टाचणी पडली तर ऐकू येईल इतकं शांत होतं. मंत्री उभे होते, बोलत होते, बराच वेळ बोलले. हे सांगणारा आज मी एकटा उरलोय. आणि ती तुझी म्हाळसाबाई माझ्या एका ओळीपायी मेंढरं घेऊन सडकेवर बसलीय."

"लोक काय म्हणतील? तुमच्या हाताखाली शिकलेले अजून फोन करतात तुम्हाला."

"म्हणतील, काकासाहेब चुकले. चुकलोच होतो. घे लिहायला."

पुढचं आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे जिवाला घोर नको. ते शपथपत्र सोमवारी दाखल झालं. मंजुषाने ते आपल्या हातांनी दिलं नाही, सहकारी वकील संघपाल याच्याकडून वाचून घेतलं. आपल्याच बापाचं शपथपत्र वाचताना आवाज जागेवर राहील याची तिला खात्री नव्हती. न्यायमूर्तींनी ते एकदा ऐकलं आणि मग स्वतः हातात घेऊन पुन्हा वाचलं. निकाल लागेपर्यंत कुंपण उघडं ठेवावं, असा आदेश झाला आणि बुधवारी दुपारी मेंढरं आत गेली. म्हाळसाबाईंनी फोनवर सांगितलं, "बाई, मेंढरं पाण्यावर गेली." हे सगळं झालं. पण खरी गोष्ट घडली ती शुक्रवारी, त्या पुढच्या खोलीत.

पडदा बाजूला सारलेला होता. साळूबाई उंबऱ्यात, उन्हाच्या पट्ट्यात सूप घेऊन बसल्या होत्या आणि छावणीच्या बाजारातून आणलेल्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मंजुषा टाइप करत होती. नाव, वय, पत्ता, हुद्दा. मग परिच्छेद दोन: सदर पाळी माझी होती. परिच्छेद तीन: त्या वेळी सभागृहात कोणताही गोंधळ नव्हता, मंत्री उत्तर देत होते आणि सदर ओळ मी माझ्या मनाने घातली. काकासाहेब एकेक शब्द तोलून सांगत होते, मध्येच म्हणत होते, "'घातली' नको, 'खोटी घातली' लिही." आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं लिहिलेला माणूस पहिल्यांदाच आपलं बोलणं कोणाला तरी लिहून देत होता, आणि मंजुषाला ते बघवत नव्हतं.

"चौथ्यात कारण लिहावं लागेल," ती म्हणाली. "का लिहिता आलं नाही, ते. तब्येत बरी नव्हती, चक्कर आली, असं काही..."

"एक खोटी ओळ झाकायला दुसरी नको."

"मग काय लिहू?"

काकासाहेबांनी उंबऱ्याकडे एकदा बघितलं. "बद्रीनाथ माझ्यानंतरच्या पाळीला होता. त्यानं पन्नासला यायचं. तो दोन चव्वेचाळीसलाच आत आला आणि माझ्या वहीवर चिठ्ठी ठेवून गेला. लासूरहून कचेरीत फोन आला होता."

सुपातला आवाज थांबला.

"काय होतं चिठ्ठीत?" मंजुषाने विचारलं. वकिलाच्या सुरातच विचारलं, कारण तो सूर सोडला असता तर पुढे काही विचारता आलं नसतं.

"दोन ओळी. 'मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.'"

तिने ते टाइप केलं. बोटं एकदा चुकली, तिने खोडून पुन्हा केलं.

"आणि पुन्हा लिहायला कधी लागलात?"

"वर बघितलं तेव्हा समोरच्या घड्याळात दोन अठ्ठेचाळीस झाले होते. दुरुस्ती मागे घेतली जात होती. नुसती टिंबं दिली असती तर कोणीतरी कारण विचारलं असतं."

"समोरचे वकील विचारतील, बाबा. दोन ओळी वाचायला चार मिनिटं कशी लागली?"

काकासाहेबांनी चष्मा पुन्हा काढला. साळूबाई मान खाली घालून सुपाकडे बघत होत्या.

"पहिली ओळ एकदाच वाचली," ते म्हणाले. "दुसरी वाचत राहिलो. निघताना डॉक्टर मला म्हणाले होते, एक कोणीतरी राहील असं धरून चला. रजेचा अर्ज दिला होता, तो नामंजूर झाला होता. बारा दिवस मी त्या टेबलावर बसत होतो. आणि चिठ्ठीत 'दोघी' असं लिहिलेलं. अक्षर बद्रीनाथचं, घाईतलं. 'दोघी'च आहे ना, दुसरं काही नाही ना, हे पुन्हा पुन्हा बघत होतो. मंत्र्यांचे ओठ हलताना दिसत होते. ऐकू काहीच आलं नाही. ते मात्र मी खरं लिहिलं होतं."

बाहेरून भंगारवाल्याची हाक येऊन गेली.

"मला का नाय सांगितलं कधी?" साळूबाईंनी विचारलं. आवाज इतका बारीक होता की मंजुषाने मान वळवून बघितलं.

"काय सांगणार? सरकारी नोंदीत खोटं लिहिलं होतं मी. गुन्हाच तो. एकाला सांगितलं की दोघांना कळतं."

"मी काय पोलिसात जाणार व्हते व्हय?"

"तू मंजूला सांगितलं असतंस."

ते खरं होतं, आणि साळूबाईंना ते माहीत होतं. त्या जागच्या उठल्या, काकासाहेबांच्या खुर्चीपाशी आल्या आणि मुठीतले तुरीचे हिरवे दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. ते एकेक दाणा खायला लागले. मंजुषाने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि परिच्छेद पाच टाइप केला: 'सदर दोन ओळी वाचण्यास मला चार मिनिटे लागली.'